ट्रेलरमधला ८० लिटरचा फ्रिज चौघांना पुरेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कॅम्पिंग ट्रेलरमध्ये ८० लिटरचा थ्री-वे फ्रिज आहे, म्हणजे गॅस, घरची वीज आणि गाडीची १२ व्होल्टची वीज अशा तिन्हींवर चालणारा. चौघं जण चार-पाच दिवसांसाठी निघतात. निघायच्या सकाळी फ्रिज सुरू करून सामान भरतात. दुसऱ्या दिवशी दूध नासतं, फ्रीझरमधलं मांस मऊ पडतं, पाण्याच्या बाटल्या थंड होत नाहीत आणि प्रवासानंतर दार उघडलं की सामान अंगावर येतं. मोठा फ्रिज बसवावा का?

माझं उत्तर: आत्ता नको. तुम्ही सांगितलेल्या तक्रारींपैकी एकही मुळात आकाराची नाही. हेच सामान असंच भरलंत तर १५० लिटरच्या फ्रिजमध्येही दूध नासेल, फक्त जास्त दूध नासेल. ट्रेलरमधला छोटा फ्रिज थंड वस्तू थंड ठेवण्यासाठी असतो. गरम वस्तू थंड करण्याची ताकद त्याच्यात फार थोडी असते. एवढं लक्षात ठेवून सगळी आखणी केली की ८० लिटर चौघांना पुरतात.

ताकद थोडी का, ते आधी पाहू. तुमच्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नाही. बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या स्टॉकहोममधल्या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली काढलेल्या पद्धतीवर तो चालतो. बंद नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन असतो. खाली गॅसची ज्योत किंवा विजेची कॉइल तापते, पाण्यात विरघळलेला अमोनिया वाफ होऊन वर चढतो, मागच्या जाळीत थंड होऊन द्रव होतो, आतल्या नळीत हायड्रोजनच्या सोबतीने पुन्हा वाफ होताना आतली उष्णता ओढून घेतो आणि शेवटी पाण्यात परत मिसळतो. यात पंप नाही, मोटर नाही. सगळा प्रवाह उष्णता आणि गुरुत्वाकर्षण यांच्यावर चालतो. म्हणून तो अगदी शांत असतो, गॅसवर दिवसाला साधारण २५० ते ४०० ग्रॅम एवढ्याच खर्चात चालतो, आणि म्हणूनच तो संथही असतो. शिवाय बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण २० ते २५ अंश खाली, एवढीच त्याची मजल. यातलं ‘बाहेरचं’ तापमान म्हणजे फ्रिजच्या पाठीमागच्या पोकळीतलं. सावलीत ३२ अंश असले तरी उन्हाने तापलेल्या भिंतीमागच्या त्या पोकळीत सहज ४० च्या वर जातात, आणि मग आत १५-१८ अंश म्हणजे दूध नासायला आवडणारं तापमान राहतं.

आता थोडा हिशोब करू, कारण सगळी गोम त्यातच आहे. एक लिटर पाणी ३० अंशांवरून ४ अंशांवर आणायचं तर त्यातून सुमारे १०९ किलोज्यूल उष्णता बाहेर काढावी लागते. सहा बाटल्यांचे झाले ६५० किलोज्यूल. भिंतींमधून सतत आत झिरपणारी उष्णता बाहेर फेकता फेकता एवढं जादा काम करायला या फ्रिजला जवळजवळ अख्खी रात्र लागते, आणि तेवढा वेळ शेजारचं दूध आणि मांस कोमट हवेत बसून राहतं. उलट बाजू बघा. ८० लिटरच्या रिकाम्या फ्रिजमधली सगळी हवा बाहेर सांडून तिच्या जागी ३० अंशांची दमट हवा आली, तर ती थंड करायला आणि तिच्यातला ओलावा काढायला सुमारे ५ किलोज्यूल पुरतात. म्हणजे कोमट पाण्याची एक बाटली आत ठेवणं हे वीसेक वेळा हवा बदलण्याच्या बरोबरीचं आहे. घरात मुलांना ‘दार लाव आधी’ म्हणून ओरडणारे आपण कोमट बाटल्यांची पिशवी मात्र बिनदिक्कत आत रिचवतो. दार उघडं टाकून विचार करत उभं राहू नयेच, ओलावा आत येतो आणि बर्फ जमतो. पण खरा बोजा बाटल्यांचा असतो.

म्हणून पहिला नियम असा, की ट्रेलरच्या फ्रिजमध्ये जाणारी प्रत्येक वस्तू घरच्या फ्रिजमधून थेट जावी. निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळीच ट्रेलरला घरची वीज जोडा आणि फ्रिज सुरू करा. काही भरायच्या आधी त्याला पूर्ण दिवस मिळायला हवा, कारण रिकामा असतानाही त्याच्या भिंती, जाळ्या आणि दार थंड व्हायला सहज सात-आठ तास जातात. गोठवलेल्या पाण्याच्या एक-दोन बाटल्या त्या दिवशी आत ठेवल्या तर काम आणखी लवकर होतं. सामान भरायचं ते अगदी शेवटी, निघण्यापूर्वी तासभर, आणि तेही घरच्या फ्रिजमधून काढून बाहेर पसरून न ठेवता. तुम्ही सकाळी फ्रिज सुरू करून लगेच भरता. दुसऱ्या दिवशीच्या नासलेल्या दुधाचं मूळ मला इथेच दिसतं.

पेयं या फ्रिजमधून बाहेर काढाच. त्यांच्यासाठी वेगळा आइसबॉक्स ठेवा आणि घरून गोठवून आणलेल्या बाटल्या त्यात घाला. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो, म्हणजे मघाच्या सहा बाटल्यांचं काम दोन लिटरच्या बर्फात होतं आणि फ्रिजला हातही लावावा लागत नाही. बर्फ होताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, म्हणून बाटली भरताना दहावा हिस्सा रिकामा सोडा. वितळलेलं पाणी पिताही येतं. मुलं दिवसभर उघडतात तो आइसबॉक्स, मोठी माणसं स्वयंपाकाच्या वेळी उघडतात तो फ्रिज, अशी सरळ वाटणी झाली की निम्मा प्रश्न संपला.

मग थर्मामीटर. अंदाजाने, बोट लावून किंवा नॉबवरच्या आकड्यांवरून काहीही कळत नाही. नॉबवरचा ३ किंवा ५ हा अंश नसतो, ती फक्त पायरी असते. एक साधा थर्मामीटर घ्या आणि तो मधल्या कप्प्यात पाण्याच्या छोट्या पेल्यात उभा ठेवा. पेल्याला घट्ट झाकण आणि झाकणाला थर्मामीटरपुरतं भोक असलं की प्रवासातही सांडत नाही. हवेचं तापमान दार उघडताच चार-पाच अंशांनी उडी मारतं आणि माणूस उगाच घाबरतो. पेल्यातलं पाणी मात्र दुधासारखंच हळू तापतं आणि हळू निवतं, म्हणून त्याचं तापमान म्हणजे तुमच्या अन्नाचं तापमान. ते ४ अंशांच्या आसपास असावं, ५ च्या वर जाऊ देऊ नये. ५ ते ६० अंश हा जंतू झपाट्याने वाढण्याचा पट्टा आहे. नासणारा पदार्थ त्या पट्ट्यात दोन तासांहून जास्त राहिला, किंवा बाहेर ३२ अंशांच्या वर उकाडा असताना एक तासाहून जास्त राहिला, तर तो टाकून द्यायचा. वास चांगला येतोय म्हणून ठेवून द्यायचा नाही, कारण आजारी पाडणारे बरेच जंतू वासाला किंवा चवीला कळत नाहीत. लहान मुलं सोबत असताना या बाबतीत मी कुणालाही सूट देत नाही.

ट्रेलर कसा उभा केला आहे, याचा या फ्रिजवर जेवढा परिणाम होतो तेवढा आतल्या कुठल्याही युक्तीचा होत नाही. आतला द्रव गुरुत्वाकर्षणाने वाहतो हे वर आलंच. फ्रिज कलता असला की द्रव वळणावर साचतो, खालचा भाग कोरडा तापत राहतो आणि नळ्या आतून गंजू नयेत म्हणून घातलेलं रसायन तिथेच घट्ट होऊन बसतं. काही तास असं झालं तर थंडावा कमी होतो, आणि वरचेवर झालं तर नळी कायमची बुजते. ती दुरुस्त होत नाही, मागचं अख्खं युनिट बदलावं लागतं. बहुतेक फ्रिजना एका दिशेला ३ अंश आणि दुसऱ्या दिशेला ६ अंशांपर्यंतचा कल चालतो. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत असेल. फ्रीझरच्या तळावर छोटी पाणसळ आडवी-उभी ठेवून बघा आणि चाकांखाली फळ्या सरकवून ट्रेलर सरळ करा. ट्रेलरची जमीन सरळ दिसते म्हणून फ्रिज सरळ आहे असं धरून चालू नका. पाणसळ फ्रिजच्या आतच ठेवायची. चालत्या गाडीत कल सतत बदलत राहतो, द्रव हलत राहतो, त्यामुळे प्रवासात याची एवढी काळजी नसते. धोका उभ्या ट्रेलरला.

उभं करताना दुसरी गोष्ट बघायची ती ऊन. ट्रेलरच्या ज्या बाजूला फ्रिजच्या दोन जाळ्या आहेत ती बाजू दुपारनंतर सावलीत राहील असा उभा करा. खालच्या जाळीतून थंड हवा आत येते, मागच्या नळ्यांची उष्णता घेऊन वर चढते आणि वरच्या जाळीतून बाहेर पडते. हा प्रवाह चिमणीसारखा आपोआप चालतो, पण मागे जागा फार मोकळी असेल तर हवा नळ्यांना न शिवताच निघून जाते. जाळी काढून टॉर्चने बघा. नळ्या आणि मागची भिंत यांच्यात हाताच्या रुंदीएवढी फट दिसली, तर पत्र्याचा पडदा लावून ती दोन-अडीच सेंटिमीटरवर आणायला हवी. हे एका दुपारचं काम आहे आणि उन्हाळ्यात दोन-चार अंशांचा फरक सहज पडतो. वरच्या जाळीमागे १२ व्होल्टचा छोटा पंखा, हवा बाहेर फेकणारा, बसवला तर आणखी उत्तम. जाळीत कोळ्याची जाळी, कुंभारमाशीची घरटी, वाळकी पानं असतील तर तीही तेव्हाच साफ होतात. बर्नरवर काजळी असेल किंवा ज्योत निळी न राहता पिवळी जळत असेल तर मात्र स्वतः हात घालू नका, गॅसचं काम जाणणाऱ्याला बोलवा. फ्रिजच्या मागे पिवळसर पूड दिसली किंवा अमोनियाचा नाकात झोंबणारा वास आला, तर गळती आहे. तो फ्रिज बंद करून ट्रेलरची दारं-खिडक्या उघडायच्या आणि बाहेर पडायचं.

प्रवासातलं मांस मऊ का पडतं, याचं उत्तर बहुधा तारेत सापडेल. १२ व्होल्टवर तुमचा फ्रिज १० ते १५ अँपिअर खेचतो. गाडीच्या बॅटरीपासून ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्यापर्यंतची तार बारीक असेल तर फ्रिजपाशी पोहोचेपर्यंत १२ चे साडेदहा व्होल्ट होतात. कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून दीड व्होल्टच कमी झाले तरी उष्णता जवळपास पाऊणपट उरते, आणि उष्णता कमी म्हणजे थंडावा कमी. गाडी सुरू ठेवून, मीटरने थेट फ्रिजच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. कमी भरलं तर जाड तार टाकून घ्या. आणखी एक, अशा बऱ्याच फ्रिजमध्ये १२ व्होल्टवर थर्मोस्टॅट काम करत नाही, कॉइल अखंड चालू राहते. जेवायला थांबलात आणि फ्रिज ट्रेलरच्या बॅटरीवर तसाच राहिला, तर १०० अँपिअर-तासांची बॅटरी साडेतीन-चार तासांत निम्मी होते. थांबा लांबणार असेल तर गॅसवर न्या किंवा सरळ बंद करा. नीट भरलेला, थंड फ्रिज दार न उघडता दोन-तीन तास चांगला तग धरतो. इंधन भरताना ज्योत बंदच हवी, यात तडजोड नाही. उंच डोंगरात, साधारण १६००-१७०० मीटरच्या वर, हवा विरळ झाल्याने गॅसची ज्योत कुरकुर करते. तिथे विजेवर चालवा.

आता आतली मांडणी. आत वरच्या बाजूला ॲल्युमिनियमच्या उभ्या पात्या दिसतात, सगळा थंडावा त्यांच्यातून येतो. तिथून थंड हवा खाली उतरते, सामानाची उष्णता घेऊन परत वर जाते. पात्यांना चिकटवून सामान ठेवलं किंवा जाळीच्या कप्प्यावर मोठं ताट आडवं टाकलं, की ही फेरी तुटते: वर कोबी गोठतो आणि खाली दूध नासतं. पात्यांसमोर दोन-तीन बोटं जागा सोडा, डब्यांच्या मध्ये फट राहू द्या, आणि बॅटरीवर चालणारा तळहाताएवढा पंखा खालच्या कप्प्यात ठेवा. पात्यांवर अर्धा सेंटिमीटरहून जाड बर्फ साचला तर फ्रिज बंद करून तो वितळू द्या. सुरीने खरवडू नका, नळीला भोक पडलं तर फ्रिज गेला.

डबे चौकोनी घ्या. गोल डबा चौकोनी जागेत ठेवला की पाचवा हिस्सा वाया जातो, आणि ८० लिटरमध्ये ते परवडत नाही. बाजारातली खोकी, ट्रे, अर्ध्या रिकाम्या बाटल्या घरीच काढून टाका. चटण्या-सॉसच्या मोठ्या बाटल्या नेण्याऐवजी लागेल तेवढंच छोट्या डब्यांत भरा. कच्चं मांस आणि मासे कायम सगळ्यात खाली, कडा असलेल्या ट्रेमध्ये, म्हणजे रस गळला तरी दुसऱ्या कशावर पडणार नाही. दूध दारात नको, दार हा सर्वांत गरम भाग असतो. दारात लोणी, मुरंबा, पाण्याची एखादी बाटली, इतकंच. एका वेळच्या जेवणाचं सगळं एका डब्यात लावून त्यावर वार लिहिलात तर दार उघडून शोधाशोध करावी लागत नाही. शेवटच्या दिवसाचा डबा सर्वांत मागे, पहिल्याचा पुढे. आणि सामान अंगावर येऊ नये म्हणून प्रत्येक कप्प्यासमोर ताणून बसणारा आडवा दांडा लावा. स्प्रिंगचे असे दांडे ट्रेलरच्या सुट्या सामानात मिळतात. उरलेल्या पोकळीत घडी केलेला पंचा कोंबला की डबे सरकत नाहीत, फक्त तो पात्यांपुढे येऊ देऊ नका.

काय आत ठेवायचंच नाही, हेही ठरवा. कांदे, बटाटे, अख्खे टोमॅटो, केळी, सफरचंदं, ब्रेड बाहेर राहतात. न उघडलेलं टेट्रापॅकमधलं दूध बाहेर महिनोन्‌महिने टिकतं. छोटे पॅक घ्या, म्हणजे उघडलेलं एकच पाकीट फ्रिजमध्ये असेल. न धुतलेली अंडी थंड जागी बाहेर चालतात, पण धुऊन, थंड ठेवून विकलेली असतील तर ती फ्रिजमध्येच. पालेभाजी घरी निवडून, पूर्ण कोरडी करून कोरड्या कापडात गुंडाळली की निम्म्या जागेत मावते आणि दुप्पट टिकते.

फ्रीझर वेगळ्या समजुतीने वापरायला हवा. घरचा फ्रीझर उणे १८ अंशांवर असतो, हा बहुधा उणे १० च्या आसपास घुटमळतो. त्यात महिन्याचा साठा ठेवायचा नाही आणि ताजं मांस गोठवायला तर मुळीच घालायचं नाही. घरीच अर्धा-अर्धा किलोच्या पिशव्या करा, हवा काढून दोन बोटं जाडीच्या सपाट वड्या गोठवा आणि फायलींसारख्या उभ्या लावा. चौघांची तीन जेवणं सहज मावतात. उद्या लागणारी पिशवी आज रात्री खालच्या कप्प्यात उतरवा. एक किलो गोठलेलं मांस वितळताना साधारण अडीचशे किलोज्यूल उष्णता शोषतं, म्हणजे ते वितळता वितळता तुमचं दूध थंड ठेवतं. तेच मांस बाहेर ओट्यावर वितळवलं तर हा फुकटचा थंडावा वाया जातो आणि मांसही धोक्याच्या पट्ट्यात येतं. फ्रीझरमध्ये रिकामी झालेली जागा जेल पॅकने भरा. रात्री बाहेर गारवा असतो आणि फ्रिजला थोडी उसंत असते, तेव्हा ते गोठतात. सकाळी खाली उतरवा, दुपारच्या उकाड्यात उपयोगी पडतात.

उरलेल्या जेवणाबद्दल मी कडक आहे: उरू द्यायचं नाही. बेतानेच रांधा. तरी उरलंच तर पसरट भांड्यात काढून, ते भांडं थंड पाण्याच्या परातीत ठेवून निववा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ढकला. वाफाळता टोप थेट आत गेला तर मघाच्या सहा बाटल्यांचा हिशोब पुन्हा सुरू होतो.

दाराचं रबर तपासायला कागदाची पट्टी पुरते. पट्टी दारात अडकवून दार लावा आणि ओढा. चारही बाजूंना हाताला ताण जाणवला पाहिजे. एका कोपऱ्यात ती अलगद सुटली तर तिथून रात्रंदिवस दमट हवा आत जाते, आणि त्याच कोपऱ्याजवळ बर्फ जास्त धरलेला दिसेल. रबर कोमट साबणाच्या पाण्याने पुसा, आधी तेवढ्यानेही काम होतं. चिरलं असेल तर बदला.

हे सगळं करूनही एखाद्या कडक उन्हाळ्यात पेल्यातला थर्मामीटर ७-८ अंशांवरच अडून बसला, तर फ्रिज बदलण्याचा विचार जरूर करा. पण तेव्हा आकार न वाढवता पद्धत बदला. त्याच मापाचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज तासा-दोन तासांत थंड होतो, बराच कल सहन करतो आणि ४० अंशांच्या उकाड्यातही फ्रीझर गोठवतो. त्याची किंमत बॅटरीला चुकवावी लागते: दिवसाला साधारण ३० ते ५० अँपिअर-तास, उन्हाळ्यात वरच्या टोकाला. म्हणजे किमान १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी किंवा तिच्या दुप्पट क्षमतेची लेड-ॲसिड, आणि छतावर दीड-दोनशे वॅटचं सोलर पॅनेल असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. विजेची सोय नसलेल्या जागी आठवडाभर तळ ठोकणाऱ्यांना गॅसचा फ्रिजच अजूनही बरा. तुम्ही चार-पाच दिवसच जाता आणि मध्ये गाडीही चालते, त्यामुळे पुढच्या सहलीला आधी आदल्या दिवसापासूनचा थंडावा, पेयांचा वेगळा आइसबॉक्स आणि पाणसळ एवढं करून बघा, सोबत पेल्यातलं तापमान सकाळ-दुपार-रात्र लिहून ठेवा. ते आकडे हातात असले की फ्रिज बदलायचा की नाही, हे लगेच ठरवता येईल.